परसातली चूल-बोळकी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आज मला बोलायला उभे केले आहे ते माझ्या वक्तृत्वासाठी नव्हे, हे आपण सर्वजणी जाणताच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आभार मानायचे म्हटले तरी माझ्या हातातला कागद थरथरू लागतो. परंतु गेली दोन वर्षे माझ्या परसात जो चिखल चालला आहे त्याची हकीकत सांगावी, असा सेक्रेटरीबाईंचा आग्रह पडला. त्यांचाही नातू त्या चिखलात असतो. तेव्हा तो आग्रह मोडणे मला शक्य नव्हते.

पुण्या-मुंबईकडे जिला भातुकली म्हणतात, तिला आमच्या माहेरी लातूरकडे आम्ही चूल-बोळकी म्हणत असू. दोन्ही खेळ एकच, असे जाणते लोक सांगतील. मला तसे वाटत नाही. भातुकली म्हटली की पितळेची नाजूक भांडी, चुरमुरे-गुळाचा खाऊ आणि ‘भांडी हरवू नका ग’ असे माजघरातून बजावणारी आई डोळ्यांपुढे येते. चूल-बोळक्यांत चूल आपणच घालायची, बोळकी संक्रांतीची उरलेली, आणि स्वयंपाक सगळा चिखलाचा. हरवायला काही नसे, म्हणून रागवायलाही कोणी नसे. मातीच्या भाकरी थापता थापता हात इतके बसले की पुढे खऱ्या परातीपुढे बसवल्यावर माझी पहिलीच भाकरी गोल झाली. ती भाजताना करपली, तो भाग वेगळा.

हे सारे मी विसरूनही गेले होते. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत धाकटा नातू राहायला आला. वय वर्षे चार. चौथ्या मजल्यावर वाढलेले मूल. एके सकाळी मी आळ्यात पाणी घालत होते, तो मागे मागे आला आणि त्याचा पाय ओल्या मातीत पडला. तसा तो जागच्या जागी खिळला, दोन्ही हात वर धरून ‘आजी, घाण! आजी, घाण!’ म्हणून रडू लागला. काटा नाही, खडा नाही, नुसती माती लागली म्हणून! मी त्याला उचलले, पाय धुतले. पण दिवसभर माझे मन काही ताळ्यावर आले नाही. ज्या काळ्या मातीवर आमच्या चार पिढ्या जगल्या, तिला हा लेकरू घाण म्हणतो. आणि त्याचा तरी काय दोष?

संध्याकाळी सूनबाईंनी मोबाइलवर मुलांसाठी तयार मिळणारे चिखलाचे स्वयंपाकघर दाखवले. लाकडी ओटा, त्यात बसवलेली दोन घमेली, वर खुंट्या, शेजारी खेळण्यातला नळ. किंमत ऐकून मी चष्मा पुसून पुन्हा पाहिली. म्हटले, चिखलाला इतके पैसे? आपल्या परसात कडुनिंब आहे, धुण्याचा दगड आहे, मोडक्या बाजेखाली विटा पडल्या आहेत आणि माळ्यावर सासूबाईंच्या वेळची पोचे आलेली पातेली आहेत. आणखी काय लागते?

लागते बरेच, हे पुढे कळले.

आपल्यापैकी काही जणींनी तेव्हा मला विचारले होते, की मातीत खेळायला मुलांना शिकवावे का लागते? ती आपोआप खेळतात. खरे आहे, पण माती असेल तर. ज्या गावात ती नाहीशी होते तिथे कोणाला तरी ती आणून टाकावी लागते; आणि मौज अशी की हे काम बहुतेक वेळा बायकांनीच केलेले आहे. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात १८८५ साली तिथल्या एका आरोग्य मंडळाने दाट वस्तीतल्या एका प्रार्थनामंदिराच्या आवारात गाडीभर वाळू ओतली आणि गल्लीतल्या मुलांना मोकळे सोडले. ही कल्पना डॉक्टर मारी झाक्झेव्स्का या बाईंची. त्यांनी बर्लिनच्या बागांतून असे वाळूचे ढीग आणि त्यांवर खेळणारी श्रीमंत-गरीब मुले पाहिली होती. अमेरिकेतल्या मुलांच्या क्रीडांगणांची सुरुवात त्या ढिगापासून सांगतात.

आपल्याकडचे उदाहरण याहून जवळचे आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून आल्या आणि १९४५ साली समुद्राकाठच्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र घेऊन बसल्या. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरीबाईंची साधने उत्तम, पण ती विकत घेण्याची ऐपत खेड्यात कोणाची? या दोघींनी शिंपले, बिया, खडे, पाने आणि माती यांचीच साधने केली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. १९७५ साली सरकारी योजना सुरू झाली आणि तो देशभर गेला. वारली मुले गुरांमागे जात, म्हणून कुरणातही शाळा भरवली. हे मी नुसते विद्वत्ता दाखवायला सांगत नाही. माझी पहिली अडचण सुटली ती यातूनच. दुकानातली वस्तू आणायची नाही, परसात जे आहे त्यातच मांडायचे, एवढे ठरले.

आता मांडणीची हकीकत. पाच-पाच विटा एकावर एक ठेवून दोन खांब केले आणि त्यांवर शहाबादी फरशीचा तुकडा टाकला. उंची सुमारे दीड फूट. चार वर्षांच्या मुलाच्या कमरेशी येते. शेजारी मातीचे घमेले, पाण्याला रुंद तोंडाचे टोपले, खाली चूल. पळ्या, झारा, चाळणी, दांडा तुटलेला तवा, नारळाच्या करवंट्या. किसणी मी मुद्दामच वगळली. पहिल्या दिवशी नातू, समोरची दोन मुले आणि आपल्या कामवाल्या मावशींची मुलगी असे चौघे होते. नातू पहिला अर्धा तास पायरीवर बसून नुसता पाहत राहिला. मी काही बोलले नाही. मग त्याने एका बोटाने चिखलाला स्पर्श केला, बोटाकडे पाहिले आणि ते सदऱ्याला पुसले. दुसऱ्या दिवशी पळीने ढवळले. पुढे एके सायंकाळी त्याला न्हाऊ घालताना कानातूनही माती निघाली.

पण तिसऱ्या दिवशी जे झाले ते सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही, कारण ती चूक सर्वस्वी माझी. मी विटा नुसत्या रचल्या होत्या, जोडल्या नव्हत्या. एक मुलगी फरशीवर रेलली, खांब हलला, फरशी घसरली आणि तिच्या पायाच्या अंगठ्यावर आली. नख काळे पडले. आणखी चार इंच इकडे आली असती तर काय झाले असते, ते मनात आणवत नाही. तिच्या आईने मला शब्दाने दुखावले नाही. फक्त आठ दिवस मुलीला पाठवले नाही. ते आठ दिवस मी परसाचे दार उघडले नाही. हा उद्योग इथेच संपवावा, असे मनाने घेतले होते.

याच सुमारास माझी मावशी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी औसा तालुक्यातून आमच्याकडे नांदेडला राहायला आली. आता तिच्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यातल्या वयस्क मंडळींना आठवत असेलच. गणपती पोचवून लोक रात्री उशिरा घरी येऊन निजले होते. चार वाजायला काही मिनिटे कमी असताना किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून जवळजवळ आठ हजार माणसे गेली. तिकडची जुनी घरे माळवदाची. दगडाच्या जाडजूड भिंती, पण दगड जोडलेले चिखलात. वर लाकडी सरे आणि त्यांवर दीड-दोन फूट पांढरी माती. उन्हाळ्यात त्या घरासारखी गार जागा दुसरी नाही. पण पावसाळा आला की गळू नये म्हणून दरवर्षी घमेल्या-घमेल्याने नवी माती वर चढवायची, आणि जुनी कोणी उतरवत नसे. पिढ्यान् पिढ्या डोक्यावरचे ओझे वाढत गेले. जमीन हलली तेव्हा भिंतींतले दगड सुटले आणि ते सारे ओझे निजलेल्या माणसांवर आले. मावशीची सासू आणि तिची धाकटी मुलगी त्या रात्री गेल्या. याहून जास्त मी सांगणार नाही, कारण तीही सांगत नाही.

पुढे नव्या जागी गाव वसले, तिला पक्के घर मिळाले. त्या घराच्या अंगणात तिने पहिल्या वर्षीच फरशी घातली. कुंडीसुद्धा ठेवली नाही. मातीची चूल तर नाहीच. अशा बाईच्या दृष्टीस माझा हा चिखल पडू नये, म्हणून मी परसाचे दार लावून ठेवले होते. पण नातवाला कोण आवरणार? तो तिचा हात धरून तिला थेट मागे घेऊन गेला.

मावशी बराच वेळ उंबऱ्यात उभी राहिली. मग म्हणाली, “लेकरायला मातीत कामून बसवलीस?”

मी काहीतरी उत्तर दिले. शिक्षण, बालमन असले काही शब्द त्यात असतील. तिने ते ऐकलेच नाही. ती वाकली आणि घसरलेल्या फरशीकडे, सुट्या विटांकडे पाहू लागली. “नुसत्या रचल्या होत्यास व्हय?” मी म्हटले, आता चिखलात जोडून घेते. त्याबरोबर ती एवढ्या जोराने “चिखलात न्हाई!” म्हणाली की नातू दचकून माझ्यामागे लपला. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “हातात माती असू दे. वजन मातीवर ठेवू नगंस. शिमिट घाल. आन् लेकरायच्या डोक्यावर काई बांधू नगंस.”

ऊन लागू नये म्हणून फरशीवर पत्र्याची छपरी टाकायचा माझा विचार होता. तो त्या क्षणी गेला. दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावून खांब सिमेंटमध्ये बांधले, फरशी पक्की बसवली. मावशी खुर्ची टाकून शेजारी बसली होती, आणि डोळ्याला पट्टी असूनही गवंड्याने ओळंबा लावला की नाही ते विचारत होती. छपरीऐवजी कडुनिंबाची सावली आहे. ती नसते तेव्हा खेळ बंद.

त्या पंधरा दिवसांत मावशीने मातीला हात लावला नाही. पण मी घातलेली चूल दोनदा तडकली, तेव्हा तिला राहवले नाही. म्हणाली, “ही काळी हाय. ही वाळली की भेगाळती. चुलीला पांढरी लागती.” भगिनींनो, आपण काळ्या मातीवर राहतो आणि तिचा स्वभाव विसरून गेलो आहोत. ती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या म्हणूनच. लाडू वळायला तिच्यासारखी माती नाही, पण भिंतीला आणि चुलीला ती निकामी. गावठाणातली पांढरी भेगाळत नाही. तिच्यात बारीक भुसा कालवला की चूल टिकते. आणि गोदावरीची वाळू ओतायला, मोजायला उत्तम, वळायला मात्र शून्य. आता आमच्याकडे तीन घमेली असतात. पाच वर्षांची मुलेसुद्धा सांगतात की लाडवाला काळी, चुलीला पांढरी, आणि साखर म्हणून वाळू. हे त्यांना कोणी शिकवलेले नाही.

आता ज्या मैत्रिणी आपल्या घरी असे काही मांडू म्हणतात, त्यांच्यासाठी काही गोष्टी. त्या मी अनुभवाने आणि आपल्या परिचयाच्या बालरोगतज्ज्ञ बाईंना विचारून शिकले.

माती कुठून आणता, हे सर्वांत महत्त्वाचे. कापसाच्या किंवा सोयाबीनच्या रानातली नको. तिथे फवारण्या होतात. कुत्र्या-मांजरांची ये-जा असते तिथलीही नको. खणून आणावी, चाळावी म्हणजे काचा-खिळे निघून जातात, दोन दिवस कडक उन्हात पसरावी आणि खेळ संपला की जाड कापडाने झाकावी. पूर्वी आपण सारवणासारखे शेण कालवत असू. ते मुलांच्या खेळात घालू नये. त्यात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. मुलांची लस वेळेवर झाली आहे ना, हे प्रत्येकीने आपल्या कार्डावर पाहावे. पाच-सहा वर्षांचा डोस बऱ्याच जणींच्या लक्षातून जातो. खेळ झाला की साबणाने हात, नखे कापलेली. जंताची गोळी अंगणवाडीत आणि शाळेत मिळते, ती चुकवू नये. एखादे मूल वरचेवर माती खातच असेल तर त्याला मारू नका, दवाखान्यात नेऊन रक्त तपासा. पुष्कळदा अंगात लोह कमी असते.

विटा आणि पालथी भांडी म्हटली की विंचू आलाच. म्हणून मुले येण्यापूर्वी मी स्वतः काठीने प्रत्येक भांडे उलटून पाहते. दोन वर्षांत दोनदा सापडला. गडगडाट ऐकू आला की कडुनिंबाखालून सगळ्यांनी घरात. मग लाडू अर्धे राहिले तरी चालतील. टोपल्यातले पाणी त्याच दिवशी झाडाला ओतून द्यायचे, नाहीतर डेंग्यूचे डास आपणच पाळल्यासारखे होते. आणि वीतभर पाण्यातही लहान मूल बुडू शकते, तेव्हा एक मोठे माणूस तिथे बसलेच पाहिजे. मोबाइल पाहत बसलेले माणूस मी धरत नाही.

भाजीपाल्याचे तर फारच जपावे. मुले जे दिसेल ते चिरून घालतात. आमच्या कुंपणाला कण्हेर होती; फुले सुंदर, पण झाड विषारी. ती मी मुळासकट काढली. धोतरा, रुई, एरंड, गुंजा यांतले काहीही आसपास नको, गाजरगवत नको. जास्वंद, झेंडू, शेवग्याचा पाला, हरभऱ्याचे ढाळे, ज्वारीची ताटे, आंब्याच्या कोयी एवढ्यावर राजेशाही स्वयंपाक होतो. चिंचोके मोजायला छान, पण तीन वर्षांच्या आतल्या मुलापुढे ठेवू नका, घशात अडकतात.

कपड्यांचा प्रश्न अनेकींनी काढला. काळ्या मातीचा डाग जात नाही, हे खरे. मी एक जुनी पिशवी ठेवली आहे. त्यात सर्वांचे विटके सदरे आहेत. आले की बदलायचे, जाताना बदलायचे. एका आजोबांची तक्रार वेगळी होती. त्यांचा नातू रोज भाकरी थापतो, मुलगे असले खेळ खेळतात काय? मी त्यांना म्हटले, आपल्या गावातल्या सगळ्या खानावळींतले आचारी पुरुष आहेत, त्यांनीही कुठेतरी सुरुवात केलीच असेल. ते हसले नाहीत. पण नातवाला पाठवायचे थांबवलेही नाही.

खरी कठीण तक्रार पाण्याची निघाली, आणि ती काढली कामवाल्या मावशींच्या मुलीने. सात वर्षांची पोर. टोपले उपडे करून मुले चिखल करत होती, ती बाजूला उभी राहून म्हणाली, “एवढं पाणी सांडायलात?” तिच्या वस्तीत नळ एक दिवसाआड येतो आणि भरायचे काम तिचे. मला मान खाली घालावी लागली. लातूरच्या लेकीने तरी हे विसरायला नको होते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते. त्या उन्हाळ्यात माझ्या वहिनी तांदूळ धुतलेल्या पाण्यात भाजी धूत आणि त्याच पाण्याने भांडी विसळत. आज तिथे तशी वेळ नसेल, पण ज्या घराने ते पाहिले त्या घरात नळ सोडून कोणी दूर जात नाही.

मी वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, “वन्सं, खेळ बंद कशाला करता? पाणी मोजून द्या.” त्यांच्याच सल्ल्याने आता दिवसाला एक कळशी पाणी मिळते, तेही भाजी-तांदूळ धुतलेले किंवा पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून वाया जाणारे. साबणाचे नाही. कळशी संपली की संपली. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत संपली आणि मोठी रडारड झाली. दुसऱ्या दिवशी मुलांनी त्या सात वर्षांच्या मुलीला पाण्याची कारभारीण केले. ती एका बोळक्याने मोजून देते. एका कळशीत बावीस बोळकी बसतात, हे तिनेच शोधून काढले. आमटीला दोन, पिठाला एक, आणि हात धुवायला चार राखून ठेवायची. हिशेब चुकला तर तिच्याशी वाद घालायची कोणाची छाती नाही. पूर्वी ती उभी राहून नुसती पाहत असे. आता तिच्यावाचून चूल पेटत नाही. चूल अर्थात खोटीच पेटते. विस्तव आम्ही ठेवत नाही.

वहिनींनी पुढे लातूरला आपल्या घरामागे असेच स्वयंपाकघर मांडले. त्यांची जागा लहान, म्हणून फरशी एकच आणि मुले तीनच. पण खांब सिमेंटचे, हे मी आधीच बजावले होते.

गेल्या वर्षी वेळ अमावास्येला आम्ही मुलांना मंडळाच्या सभासद भगिनींच्या शेतावर नेले होते. कडब्याची कोप, चुन्याने रंगवलेले पाच पांडव, मोगाभर आंबील, भज्जी, उंडे. मुलांनी सारे डोळे भरून पाहिले. परत आल्यावर आठवडाभर परसात दुसरा खेळ नव्हता. पांढऱ्या मातीची पातळ आंबील, शेवग्याच्या पाल्याची भज्जी, काळ्या मातीचे उंडे. पाच पांडव करायला घेतले, ते सहा झाले. सहावा कोण म्हणून विचारले तर नातू म्हणाला, तो गवंडी आहे.

ती पांढरी माती कुठली, हे सांगायचे राहिले. मावशी पट्टी निघाल्यावर गावी गेली आणि महिन्याभराने पुतण्याबरोबर तिने एक गोणी पाठवली. शेणाने सारवलेल्या अंगणासारखी मऊ, चाळलेली माती. मी फोन करून विचारले, इतकी स्वच्छ पांढरी कुठे मिळाली?

“जुन्या गावातली हाय,” ती म्हणाली. “तिथं पडूनच हाय की. मीच चाळली.”

मला पुढे बोलता आले नाही. तिनेच विचारले, लेकरांची चूल टिकली का. मी म्हटले, टिकली. “भुसा घाल,” म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या गोणीतली आता जेमतेम चार घमेली उरली आहेत. वहिनींनी मागितली आहे, तेव्हा अर्धी लातूरला जाईल. बाकी खेळ दर बुधवारी आणि रविवारी चार ते साडेपाच. वैशाखात सकाळी सात ते साडेआठ. सध्या नऊ मुले येतात, बाराहून जास्त मला सांभाळवणार नाहीत. म्हणून दर रविवारी दोघी जणी बसायला आल्या तर हव्या आहेत. नावे सेक्रेटरीबाईंकडे द्यावीत. येताना जुने पातेले असेल तर आणावे. कड फाटलेले नको.